हितलं हितंच

खुर्चीचा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा चार मिलिमीटरने आखूड होता. पूनमने तो स्वतःच्या व्हर्नियरने मोजला होता. खुर्ची निळ्या प्लॅस्टिकची, मंडळाच्या मांडवात वर्षानुवर्षं ओढली गेलेली, आणि पाठीवर लाल रंगात 'कै. हिंदुराव यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेली. ओढणारे सगळे ती एकाच अंगाला कलवून ओढत असणार, म्हणून एकच पाय झिजला होता. बसणारा स्थिर असला तर खुर्चीही स्थिर राही. त्याने अंगाचा भार जरासा मागे डावीकडे टाकला, की तो पाय फरशीला टेके आणि 'टक्' असा आवाज होई.

पुठ्ठ्याची एक घडी पायाखाली सारली असती तर प्रश्न मिटला असता. पूनमने घडी करून खिडकीत ठेवलीही होती. पण ती सारली मात्र नाही.

एरवी अशी चूक तिला सहन झाली नसती. ती फिजिक्सची एम.एस्सी. होती आणि चाकणच्या एका कंपनीत मापन प्रयोगशाळेत काम करायची. गाड्यांचे शाफ्ट तिच्या टेबलावर येत, ती ते मोजे, आणि काही मायक्रॉनच्या फरकापायी अख्खा लॉट परत पाठवे. तिच्याशी वाद घालायला कोणी येत नसे. धम्मरत्न नावाचा एक ऑपरेटर मात्र वारंवार येई. त्याचे शाफ्ट नेहमी बिनचूक असत, तरी तो म्हणे, मॅडम, पुन्हा एकदा बघता का. पूनम पुन्हा मोजे. चौथ्या वेळी मोजताना तिच्या लक्षात आलं, की हा माणूस शाफ्ट दाखवायला येतच नाहीये. त्या दिवशी तिने मायक्रोमीटर हातात तसाच धरून ठेवला आणि धम्मरत्न त्याच्या दारू पिणाऱ्या भावाबद्दल बोलत राहिला. तो गेल्यावर तिला जाणवलं, की इतक्या वर्षांत या टेबलावर झालेलं हे सर्वांत नाजूक काम होतं आणि ते तिला अजिबात शिकवलेलं नव्हतं.

म्हणून ती शिकायला लागली. दर शनिवारी-रविवारी सकाळी निगडीला, प्राधिकरणातल्या एका संस्थेत, समुपदेशनाचा अभ्यासक्रम. तो आता संपत आला होता. पुढे शहरातल्या एका व्यसनमुक्ती रुग्णालयात वर्षभराचं पूर्ण वेळ प्रशिक्षण होतं, आणि तिथली जागा तिला मिळालीही होती. जूनमध्ये रुजू व्हायचं. त्यासाठी कंपनी सोडावी लागणार होती. पूनमचा निर्णय दिवाळीतच झाला होता. फक्त तो घरात बोलून दाखवायचा राहिला होता. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. रुग्णालयाने एकदा मुदत वाढवून दिली होती, आता देणार नव्हतं.

अडचण शेताची होती.

पूनमचं सासर निघोज्याचं. कुलदीप, म्हणजे तिचा नवरा, शाळेत असतानाच घरची जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली. पैसे आले, त्यातून कामगारांना भाड्याने द्यायला खोल्यांची चाळ झाली, पुढे कुलदीपच्या दोन बसगाड्या झाल्या, आणि शेतावर कंपनी उभी राहिली. आपल्या घरचं एक तरी माणूस तिथं असावं असं सासऱ्यांच्या, आबाजींच्या, मनात होतं. कुलदीपला आय.टी.आय.ला घालून बघितलं, पण त्याचं आणि लेथ मशीनचं जमलं नाही. मग आबाजींनी दुसरी वाट धरली. त्या कंपनीत नोकरीला असलेली मुलगी ते सून म्हणून शोधू लागले.

तळेगावच्या पूनमला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही विचारलं नाही. एकच प्रश्न केला. तुमचं टेबल बिल्डिंगीच्या कुठल्या अंगाला? पूनमने सांगितलं, ईशान्य कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ. आबाजींनी डोळे मिटून अंदाज घेतला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "म्हंजी आपल्या इहिरीपाशी." लग्न तिथेच ठरलं. प्रयोगशाळा बारा महिने वीस अंशांवर ठेवतात हे कळल्यावर तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. त्या बाजूला पहिल्यापासून गारवाच असायचा, असं त्यांनी व्याह्यांना समजावून सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पूनम कंपनीच्या बसमधून उतरली, की ओट्यावर बसलेले आबाजी विचारत, "काय म्हनतंय शेत?"

पूनम जे खरं असेल ते सांगे. शाफ्टचा एक लॉट नापास झाला. किंवा नवीन मशीन बसवतायत. आबाजी मान हलवत आणि यंदा हवाच तशी नाही म्हणत. आतून सासूबाई, गोजाबाई, एक लांब सुस्कारा सोडत. कुलदीप घरी असला तर ताटाकडे बघे. हे झालं की मग सगळे जेवत. अकरा वर्षांत यात खंड पडला नव्हता. घरातलं शेवटचं माणूसही आता शेतातून निघतंय, हे त्या ओट्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं?

संस्थेत पूनमच्या मार्गदर्शक होत्या सुमनताई. चाळीस वर्षं याच कामात मुरलेल्या, मऊ आवाजाच्या, आणि त्या आवाजात कोणाचीही सुटका न करणाऱ्या. दर रविवारी त्या विचारत, "घरी बोललीस?" पूनम म्हणे, या आठवड्यात बोलते. सुमनताई पुढे काही म्हणत नसत. नुसत्या बघत, आणि ते जास्त त्रासाचं होई.

त्यांनीच सुचवलं होतं, की परीक्षेआधी थोडा सराव कर. चाळीतली सात नंबरची खोली रिकामी झाली होती. पूनमने ती धुऊन घेतली. एक स्टीलची खुर्ची स्वतःसाठी ठेवली, मंडळाची निळी समोर ठेवली, भिंतीला घड्याळ लावलं, आणि पुस्तकात सांगितलंय म्हणून कागदी रुमालांचा डबा आणला. पण सरावाला माणूस हवं होतं आणि ते अनोळखी हवं होतं. निघोज्याच्या गावठाणात अनोळखी माणूस मिळेना. सगळी एक तर भावकी, नाहीतर भावकीचे पाहुणे. एक बाई तयार झाली, तर तिच्यासोबत तिची सासू, दोन जावा आणि नणंद आली, कारण बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं. बाईला काय होतंय ते चौघींनी मिळून सांगितलं, त्यावर उपायही चौघींनीच सुचवला, आणि शेवटी चहा मागितला. ती बाई एक अक्षर बोलली नाही.

ही गोष्ट पूनम स्वयंपाकघरात सांगत होती. गोजाबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"मी येती," त्या म्हणाल्या.

पूनमने सांगितलं, आत्या, ओळखीचं माणूस चालत नाही. सासूला ती आत्याच म्हणे.

"मंग मी चालंन. अकरा वर्सं झाली तुला हितं. माझ्याबद्दल तुला काय म्हाईत हाय, सांग."

पूनमने खरोखरच विचार केला. शुगरची गोळी सकाळी नाश्त्याआधी. चहात आलं नको. डावा गुडघा. त्यापुढे तिला काही सुचेना. इतक्या तुटपुंज्या नोंदींवर तिने एक शाफ्टसुद्धा पास केला नसता. गोजाबाई आपल्या ओळखीच्या नाहीत, हे तिला प्रामाणिकपणे मान्य करावं लागलं. शिवाय हा नुसता सराव, तो अभ्यासक्रमात धरला जाणार नाही, म्हणजे नियम मोडत नाही, असंही तिने मनाशी मांडून बघितलं. सुमनताईंनी घरातलं माणूस नको असं स्वच्छ सांगितलं होतं, ते तिने त्या मांडणीत घेतलं नाही.

रविवारी दुपारी गोजाबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं. परसदारातून सात नंबरची खोली हाकेच्या अंतरावर होती. पण त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या, रस्त्याने देवळाला वळसा घालून आल्या आणि खोलीचं दार वाजवलं. मागनं आलं तर घरातलं माणूस व्हईल, असं त्यांनी नंतर सांगितलं. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती, कारण कोणाकडे जाताना मोकळ्या हाताने जात नाहीत. समुपदेशकाने भेट घ्यायची नसते, असं पूनमने समजावलं. गोजाबाईंना ते लागलं. शेंगा त्यांनी परत नेल्या, संध्याकाळी उकडल्या आणि पूनमच्याच पानात वाढल्या.

"या, बसा, आत्या," पूनम म्हणाली.

"आत्या कोन? माझं नाव गोजाबाई. दवाखान्यात डाक्टर नाव घेऊन हाक मारतो, तशी मारा."

सासूचं नाव पूनमच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. तिने पाण्याचा घोट घेतला. "गोजाबाई, इथे जे बोलाल ते इथेच राहील."

"हितलं हितंच?"

"हितलं हितंच."

गोजाबाईंनी पदर सावरला. "माझी एक सून हाय."

पूनमने मान हलवली. ऐकतोय हे दाखवायला मान किती हलवायची, ते संस्थेत शिकवलं होतं.

"चांगली हाय. कामाला वाघ. पर पोटात काय हाय त्ये कळू देत न्हाई. परवा आमटीत मीठ न्हवतं. तसं म्हनलं, तर म्हनती, 'हो का'. आता मॅडम, 'हो का' म्हंजी काय?"

'हो का' म्हणजे काय होतं ते पूनमला नक्की ठाऊक होतं. त्या दिवशी रुग्णालयातून फोन आला होता आणि मिठाचं तिला काहीच कळलं नव्हतं. पण हे सुनेला ठाऊक होतं. मॅडमला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"त्या 'हो का'चा तुम्ही काय अर्थ लावलात?" तिने विचारलं.

गोजाबाईंनी बांगड्या मागे सारल्या. मग खुर्चीने 'टक्' केलं. "तिला येगळं ऱ्हायचंय. रावेतला. ल्योक मोबायलवर फ्लॅटचं फोटू बघत बसतो, म्या बघितलंय. आज ना उद्या दोघं जात्याल."

रावेतचं नाव पूनमने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिच्या आतली सून ताडकन उठली. मॅडमने तिला खांदा दाबून खाली बसवलं. "सून वेगळी राहील, याची तुम्हाला भीती वाटते."

"वाटती की," गोजाबाई म्हणाल्या, आणि डब्यातला एक रुमाल काढून, नीट घडी घालून, कमरेला खोचला. डोळ्यांत पाणी नव्हतं. देवळातून निघताना अंगारा घ्यावा तसा तो घेतला होता. पुढे दर वेळी त्या एकेक नेत राहिल्या.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात गोजाबाई नेहमीच्या लुगड्यात होत्या आणि नेहमीच्या आवाजात विचारत होत्या, की मॅडमपना झाला असंल तर भाकरी कोन थापनार. पूनम पीठ मळायला बसली. तिला राहवेना. ती म्हणाली, आत्या, मला रावेतला मुळीच जायचं नाहीये.

गोजाबाईंचा हात थांबला. "ह्ये तुला कुनी सांगितलं?"

पूनम पुन्हा पीठ मळू लागली.

"त्या मॅडमनं? हितलं हितंच म्हनली हुती ना ती?" गोजाबाई खरोखर दुखावल्या होत्या. "लई भरवशाची दिसत हुती."

पूनमला मॅडमच्या वतीने माफीही मागता येईना. घरात पुन्हा कधी खोलीतलं बोलायचं नाही, असं तिने त्या दिवशी ठरवलं, आणि पुढच्या रविवारी गोजाबाई पुन्हा इरकल नेसून देवळाला वळसा घालून आल्या.

खुर्चीचं तिच्या ध्यानात आलं ते याच काळात. इकडचं तिकडचं सांगताना गोजाबाई दगडासारख्या बसत. खरं काही सांगायची वेळ आली, की शब्दाआधी भार हलायचा. आधी 'टक्', मग गोष्ट. दोनदा झालं तर योगायोग म्हणता येतो. पण तसं दर वेळी होत गेलं, आणि घडी केलेला पुठ्ठा खिडकीतच राहिला.

घरात बायको मॅडमला काय सांगते हे आबाजींना कळेना. त्यांनी सुनेला विचारलं, ती म्हणाली, सांगता येत नाही, मामा. बायकोला विचारलं, ती म्हणाली, मॅडमला इचारा. तीन रविवार त्यांनी कळ काढली. चौथ्याला धोतर बदलून, टोपी घालून, देवळाला वळसा घालून सात नंबरच्या दारात उभे राहिले. म्हणाले, हिंदुराव माझा सख्खा थोरला भाऊ, त्याच्या खुर्चीवर बायकोनं बसायचं आणि म्या न्हाई?

या वेळी पूनमने नियमाची मांडणी केलीच नाही. त्यांना आत घेऊन ती दार लावून बसली.

आबाजी बराच वेळ घड्याळाकडे बघत होते. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. 'टक्'.

"मॅडम, त्या शेतात काय राम न्हवता. तीन हात उकरलं की कातळ. बापानं केलं म्हनून म्या केलं. गेलं तवा मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यावानी वाटलं." त्यांनी दाराकडे बघितलं. "ह्ये गोजाला कळू देऊ नका. तिनं त्या इहिरीवर जवानी काढलीया. तिचा जीव अडकलाय तितं."

पूनमने विचारलं, शेताचा विषय तुम्ही घरी रोज काढता का? ते विचारताना आपला आवाज सरळ राहिला, याचं तिला पुढे नवल वाटलं.

"काढतो की. सुनंला इचारतो. दिसभर राबून येती पोर. सासऱ्यानं सुनंशी बोलायचं तरी काय? दुसरं काय येतंय मला?"

त्यानंतरच्या रविवारी गोजाबाईंची खुर्ची वाजली आणि त्यांनी सांगितलं, की त्या विहिरीचं पाणी शेंदून त्यांचे खांदे कायमचे गेले. "जिमीन गेली त्या दिसी म्या गुपचूप नारळ फोडला. म्हाताऱ्याला बोलले न्हाई. त्यो रोज संध्याकाळी शेताचं इचारतो, तवा माझ्या काळजात चर्र हुतं. कसं सांगू?"

आता पूनमला त्या रोजच्या सुस्काऱ्याचाही हिशेब लागला.

मग पुढच्या रविवारी कुलदीप आला. सेकंड शिफ्टची बस सोडायच्या आधी, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तो हसत हसत बसला. "मॅडम, पटकन बोलतो, ट्रॅफिक लागेल." आणि हसणं कुठल्या क्षणी संपलं ते त्यालाही कळलं नाही. 'टक्'. तो म्हणाला, "माझी मिसेस कंपनीत खूश नाही. मला दिसतं ना राव. मला आधी वाटलं घरात गर्दी होते, म्हणून मी रावेतला फ्लॅट बघत होतो. पण ते नाही. ती रविवारी निगडीहून येते ना, तेव्हा तिचा चेहरा वेगळा असतो. तिला ते काम करायचंय. मी म्हणतो, कर ना. पण मी कसं बोलू? मीच बोललो तर म्हातारा-म्हातारी खचतील. शेतात आपलं माणूस आहे, एवढ्यावर ती दोघं उभी आहेत."

"हे तुम्ही मिसेसना सांगितलंय?" मॅडमने विचारलं.

"तिने विचारलं पाहिजे ना," कुलदीप म्हणाला, आणि बसकडे गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूनम कंपनीतून ओट्यावर आली. आबाजींनी विचारलं, काय म्हनतंय शेत. आतून सुस्कारा आला. कुलदीपने ताटाकडे बघितलं. तिने तिघांनाही मोजून बघितलं होतं, तिघंही पास होते, आणि निकाल बाहेर द्यायची परवानगी नव्हती. जे शेत घरात कोणालाच नको होतं ते प्रत्येक जण बाकीच्यांसाठी सांभाळत होता, आणि ती एकटी रोज बसने तिथे जात होती. ती म्हणाली, आजचा लॉट पास झाला, मामा. आबाजी म्हणाले, चला, बरं झालं, आणि सगळे जेवायला बसले.

शनिवारी सुमनताईंना तिने सगळं सांगितलं. कोण काय बोललं ते नाही, पण कोण कोण येतं ते. सुमनताईंनी चष्मा काढला.

"घरातले किती जण?"

"तिघं."

"म्हणजे सगळे?"

"कुत्रा आहे," पूनम म्हणाली. "तो येत नाही."

सुमनताई चिडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. त्यांनी सांगितलं, की हे या रविवारी बंद करायचं, प्रत्येकाला नीट निरोप देऊन. आणि त्या खोलीत जे कळलं त्याचा घरात काडीचाही आधार घ्यायचा नाही. रुग्णालयाला सोमवारी उत्तर द्यायचंय ना? मग घरी तू स्वतःचं सांगायचं. समोरच्यांच्या मनात काय आहे हे ठाऊकच नसल्यासारखं.

"पण ते ठाऊक आहे," पूनम म्हणाली.

"म्हणूनच अवघड आहे," सुमनताई म्हणाल्या. "सगळे पुरावे हातात आल्यावर बोलायचं, याला काही निर्णय म्हणत नाहीत. समोरच्या खुर्चीवर तू कधी बसली आहेस का?"

"नाही."

"का?"

"एक पाय आखूड आहे तिचा."

दोन वर्षांत पूनमने सुमनताईंना प्रथमच मोठ्याने हसताना बघितलं.

रविवारी निरोपाच्या बैठकीला तिघंही एकाच वेळी आले. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. रांग लागली. गोजाबाई आत, आबाजी आणि कुलदीप बाहेर पायरीवर. शेजारच्या खोलीतली फर्स्ट शिफ्टहून आलेली पोरं त्यांना ओलांडून जाताना विचारत होती, काय भाऊ, काय चाललंय. कुलदीप म्हणत होता, काही नाही राव, नंबर लावलाय.

गोजाबाईंनी नारळ आणला होता. काही बंद करायचं तर ते रीतसर करावं, असं त्यांचं मत होतं. भेट घेता येत नाही हे त्यांना पाठ झालं होतं, म्हणून त्यांनी तो मॅडमला न देता घड्याळाखाली जमिनीवर ठेवला. पूनमने पुस्तकात दिल्याप्रमाणे विचारलं, की इथे येऊन तुम्हाला काय मिळालं.

"रुमाल," गोजाबाई म्हणाल्या. मग कमरेचा रुमाल चाचपून, "आन् कुनी मधी न बोलता ऐकलं. त्ये आदी कवा झालं न्हवतं."

पूनमची मान शिकवल्यापेक्षा जास्त हलली.

"पर एक ऱ्हायलं," गोजाबाई म्हणाल्या. खुर्ची वाजली. "माझी सून. दिवाळीपासनं तिच्या व्हटावर कायतरी हाय. घास तोंडात ठेवून बसल्यावानी बसती. येगळं ऱ्हायचं आसंल तर तसं सांगावं. दुसरं काय आसंल तर त्ये सांगावं. मी तिला इचारू शकत न्हाई, मी सासू हाय. मॅडम, तुमी आमाला समद्यास्नी इचारता. तुमाला कोन इचारतं?"

"माझ्या सुमनताई आहेत."

"त्या तकडं निगडीला." गोजाबाई उठल्या. गुडघा धरून स्टीलच्या खुर्चीकडे आल्या आणि पूनमच्या समोर उभ्या राहिल्या. "उठा."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पूनम उठली. गोजाबाई स्टीलच्या खुर्चीत बसल्या, डबा जवळ ओढला, आणि पूनम बघते तसं, समोरच्याला कळू नये असं, घड्याळाकडे बघून घेतलं. "बसा. हितलं हितंच."

पूनम निळ्या खुर्चीकडे गेली, आणि तिला वाटलं, इथे बोलून दार लावून घेतलं तर उद्या संध्याकाळी ओट्यावर पुन्हा तेच होईल. काय म्हनतंय शेत, आणि लॉट पास झाला. हे खोलीत राहिलं तर आणखी एक गुपित होईल, चौथं.

ती वळली आणि तिने दार सताड उघडलं. पायरीवर कुलदीपची किल्ली फिरायची थांबली. आबाजींनी टोपी डोक्यावर घट्ट केली.

"माझं आहे ते इथलं इथेच नको, गोजाबाई," ती म्हणाली, आणि येऊन बसली.

गोजाबाईंनी मान हलवली, अगदी शिकवलेली असावी तेवढीच. "बरं. काय बोलावंसं वाटतं, पूनमबाई?"

पूनमला सगळं माहीत होतं. आबाजींचा कातळ माहीत होता, गोजाबाईंचा नारळ माहीत होता, रावेतचे फोटो कशासाठी होते ते माहीत होतं. त्यातलं एक वाक्य जरी उचललं असतं तरी काम सोपं झालं असतं. तिने एकही उचललं नाही. सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून तिने ऐकलेलीच सुरुवात केली.

"माझी एक सासू आहे."

"कशी हाय?" गोजाबाईंनी विचारलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"चांगली आहे. मी तिला दिवाळीपासून एक गोष्ट सांगितली नाहीये. सासऱ्यांना नाही. नवऱ्यालाही नाही. त्यांना काय वाटेल ते मला माहीत नाही, असं धरून मला बोलायचं आहे."

"धरा की," गोजाबाई म्हणाल्या. "मंग?"

पूनमचा भार हलला. चार मिलिमीटर, आणि पाय फरशीला टेकला. तो आवाज बाहेर पायरीपर्यंत गेला.

"मी कंपनी सोडणार आहे," ती म्हणाली, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "जूनपासून रुग्णालयात शिकायला जाणार आहे. शेतात आता आपलं कोणी नसेल."